व्हीसी लावायची तर आधी आवाजाचं बघा

तहसील असो, शेतकरी उत्पादक कंपनीचं ऑफिस असो की लातूरच्या एखाद्या क्लासची पालक सभा, व्हीसीची, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सची, सुरुवात ठरलेली. "हॅलो, आवाज येऊ लालाय का?" समोरून तिघं एकदम बोलतात, कुणाचंच नीट कळत नाही, एक जण कानाला हात लावून खूण करतो, दुसरा म्हणतो, "सर, तुम्ही म्यूट आहात." पहिली दहा मिनिटं अशीच जातात. त्याच ऑफिसात चार-पाच हजारांचा वेबकॅम मात्र हौसेने आणलेला असतो. माईकचं विचारलं तर उत्तर मिळतं, "तो कॅमेऱ्यातच आहे की!"

डेस्कटॉपवर व्हीसी लावणाऱ्याने पैसे, डोकं आणि इंटरनेट आधी आवाजावर खर्च करावं, चित्राचं नंतर बघावं, असं माझं ठाम मत आहे. चित्र अडकलं तरी बैठक चालते. आवाज तुटला की सगळे नुसते एकमेकांची तोंडं बघत बसतात. आणि आवाज सांभाळणं स्वस्तही पडतं. झूमच्याच आकड्यांनुसार नुसत्या आवाजाला ६० ते ८० केबीपीएस (सेकंदाला हजार बिट म्हणजे एक केबीपीएस, दहा लाख म्हणजे एक एमबीपीएस) पुरतात, तर दोघांतल्या बऱ्यापैकी व्हिडिओला ६०० केबीपीएस लागतात आणि ७२० पी चित्राला १.२ एमबीपीएस. म्हणजे चित्राच्या एक दशांशात, कधी त्याहूनही कमीत आवाजाचं भागतं. तरी आवाजच का तुटतो, हे कळायला पडद्यामागे काय चालतं ते थोडं बघावं लागेल.

पडद्यामागे

७२० पी चित्र म्हणजे आडवे १२८० आणि उभे ७२० ठिपके, मिळून ९ लाख २१ हजार ६००. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट आणि सेकंदाला ३० चित्रं धरली, तर एका सेकंदाचे सुमारे ६६ कोटी बिट झाले. हेच चित्र १.२ एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला १२ लाख बिटांत पाठवायचं असतं. साडेपाचशे पट दाबून. हे काम कोडेक करतो, एच.२६४, व्हीपी८, व्हीपी९ ही त्यातली नेहमीची नावं. कोडेकची मुख्य युक्ती अशी की जे बदललं नाही ते पुन्हा पाठवायचंच नाही. तुमच्या मागची भिंत मघाशी होती तशीच आहे, तर ती राहू दे. ओठ आणि हात हलले तेवढंच पाठव.

आता मे महिन्यातलं परभणी डोळ्यांसमोर आणा. मागे कूलर, त्याच्या वाऱ्यावर फडफडणारा पडदा, वर फिरणारा पंखा आणि भिंतीवर हलणारं कॅलेंडर. कोडेकच्या दृष्टीने हे सगळं "बदललेलं" आहे, म्हणून तो ते पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. जेवढे बिट पडद्यावर गेले, तेवढे तुमच्या चेहऱ्याच्या वाट्याचे कमी झाले. खोली अंधारी असेल तर आणखी वाईट. कमी उजेडात कॅमेऱ्याच्या चित्रात बारीक दाणे नाचतात, आणि कोडेकला तो दाणाही हालचालच वाटतो. म्हणून महागड्या कॅमेऱ्यापेक्षा समोरून येणारा ट्यूबलाईटचा उजेड आणि मागे साधी भिंत यांचा उपयोग जास्त.

आवाजाचा कोडेक वेगळा. गूगल मीट, जित्सी वगैरे ब्राउझरमधल्या व्हीसीत ओपस नावाचा कोडेक असतो. तो २०१२ साली प्रमाणित झाला. तो आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे करतो, म्हणजे सेकंदाला पन्नास. प्रत्येक तुकडा एका पाकिटात घालून रवाना होतो. चित्राचीही अशीच पाकिटं होतात. ही पाकिटं एकामागोमाग, ठरल्या वेळी पोहोचतीलच असं नाही. काही वाटेत हरवतात, काही मागून येऊन पुढे जातात. वेबसाईट उघडताना हरवलेलं पाकीट पुन्हा मागवता येतं, कारण अर्धा सेकंद उशीर झाला तर बिघडत नाही. बोलताना मात्र अर्ध्या सेकंदापूर्वीचा "हो" आत्ता येऊन उपयोग काय? म्हणून व्हीसीची पाकिटं सहसा यूडीपी या पद्धतीने जातात. हरवलं ते हरवलं, पुढे चला.

पाकिटांचा मागे-पुढेपणा सांभाळायला सॉफ्टवेअर ऐकणाऱ्याच्या बाजूला थोडं थांबतं. पंगतीत सगळ्यांची पानं वाढून होईपर्यंत जेवायला सुरुवात करत नाहीत, तसं. पण फार वेळ थांबता येत नाही, उशिरा आलेल्याला सोडून पंगत सुरू होते. सुटलेल्या तुकड्याच्या जागी सॉफ्टवेअर अंदाजाने आवाज भरतं. एखाददुसरा तुकडा असा भरला तर कळतही नाही. ओळीने पाच-सात हरवले की माणूस यंत्रमानवासारखा बोलायला लागतो. एका बाजूने पोहोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंत लागले तर संवाद सहज वाटतो, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. त्याच्या बऱ्याच पुढे गेलं की दोघं एकदम बोलतात आणि दोघं एकदम थांबतात.

म्हणजे "माझं नेट शंभर एमबीपीएसचं आहे, तरी आवाज का तुटतो?" याचं उत्तर वेगात नाही. पाकिटं न हरवता, सारख्या अंतराने पोहोचतात का, यात आहे.

आणखी एक गोष्ट. दहा जणांची व्हीसी असेल आणि प्रत्येकाने आपलं चित्र थेट बाकी नऊ जणांना पाठवायचं ठरवलं, तर एकूण नव्वद प्रवाह होतील आणि प्रत्येकाला स्वतःचं चित्र नऊ वेळा वर चढवावं लागेल. घरच्या नेटला ते झेपत नाही. म्हणून मध्ये सर्व्हर असतो. तुम्ही चित्र एकदाच त्याच्याकडे पाठवता आणि तो ते बाकीच्यांना वाटतो. ज्याचं नेट कमजोर त्याला बारीक चित्र, ज्याचं चांगलं त्याला मोठं. तुमच्या बाजूने तो एकच प्रवाह नीट चढला पाहिजे. नेमकं घोडं तिथंच अडतं.

चढणारं नेट

आपण नेटचा वेग विचारतो तेव्हा उतरणारा वेग विचारतो. सिनेमा बघायला तोच लागतो. व्हीसीत मात्र तुम्ही बोलता, दिसता, म्हणजे डेटा वर चढवता. मोबाईलच्या नेटवर चढणारा वेग उतरणाऱ्यापेक्षा बराच कमी असतो, आणि टॉवरपासून लांब असाल तर फारच पडतो, कारण टॉवरची ताकद मोठी आणि तुमच्या फोनची छोटी. त्यामुळे तुम्हाला सगळे स्वच्छ दिसतात, ऐकू येतात, आणि ते मात्र ओरडत असतात की तुमचा आवाज कटतोय. अशा वेळी माणूस म्हणतो, "माझ्याकडे तर सगळं ओके आहे." त्याच्याकडे खरंच ओके असतं!

वेग मोजायच्या बहुतेक साईटवर दोन आकडे येतात, डाउनलोडचा आणि अपलोडचा. त्यातला अपलोडचा, म्हणजे चढणारा, बघा. सलग दोन एमबीपीएस चढत असेल तर व्हीसीला पुष्कळ झालं. आणि एकदा मोजून थांबू नका. रात्री साडेआठला, गावातली सगळी पोरं रील बघत असताना पुन्हा मोजा.

गावात फायबर आलं असेल तर तेच घ्या. भारतनेट ही योजना २०११ मध्ये मंजूर झाली, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायची ही कल्पना. ग्रामपंचायतीपर्यंत तार आली म्हणजे तिथल्या संगणकापर्यंत चांगलं नेट आलं, असं मात्र समजू नका. शेवटचे वीस फूटच घात करतात. राउटर सरपंचांच्या खोलीत, संगणक बाहेरच्या हॉलमध्ये आणि मध्ये पत्र्याचं पार्टिशन. पत्रा वायफायला आरशासारखा परतवतो. जुन्या माळवदाच्या घरांतल्या हातभर जाड भिंतींचीही तीच गत. राउटरवर दोन नावं दिसतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिलं भिंतीतून बरं जातं पण गर्दीचं, दुसरं वेगवान पण भिंतीपुढे हात टेकणारं. डेस्कटॉप तर जागचा हलत नाही, मग वायफायच्या नादी लागायचंच कशाला? राउटरपासून संगणकापर्यंत लॅनची केबल ओढा. शंभर मीटरपर्यंत ती सहज चालते. आवाज तुटण्याच्या निम्म्या तक्रारी या एका केबलने मिटतात, असा माझा अंदाज आहे.

मोबाईलचा हॉटस्पॉट वापरायचा असेल तर फोन यूएसबी केबलने संगणकाला जोडून टेदरिंग चालू करा. वायफायचा एक टप्पा वाचतो आणि फोन चार्जही होतो. डेटाचा हिशोबही आधीच करून ठेवा. एक एमबीपीएस सलग तासभर म्हणजे ४५० एमबी. ७२० पी चित्र जाताना १.२ आणि येताना १.२ धरलं तर तासाला एक जीबीहून थोडं जास्त. रोज दीड जीबीच्या पॅकवर हे दीड तासही पुरत नाही. नुसता आवाज ठेवला तर दोन्ही बाजू मिळून तासाला ७२ एमबी, म्हणजे तोच पॅक वीस तास पुरेल. कॅमेरा बंद करण्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

लाईटचं वेगळं सांगायला नको. संगणकाला यूपीएस असतो, राउटरला नसतो. लाईट गेली की स्क्रीन चालू आणि नेट बंद! राउटर आणि फायबरचा डबा सहसा १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी छोटा बॅटरीचा यूपीएस वेगळा मिळतो. घेताना ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. शिवाय तीच लिंक फोनवर उघडून तयार ठेवा. लोडशेडिंग लांबलं की टॉवरची बॅटरीही उतरते, त्यामुळे फोनवरही तासन्‌तास विसंबता येत नाही.

हिरवं भोक, गुलाबी भोक

आता खुद्द डेस्कटॉप. लॅपटॉपमध्ये कॅमेरा, माईक, स्पीकर तिन्ही आतच असतात; असेंबल केलेल्या डेस्कटॉपमध्ये यातलं काहीच नसतं. मग घरातला मोबाईलचा इयरफोन आणून मागच्या हिरव्या भोकात खुपसला जातो. समोरच्याचं ऐकू येतं, आपलं मात्र कुणालाच ऐकू जात नाही. सगळे सेटिंग उलटेपालटे करून झाले तरी नाही.

इयरफोनची पिन नीट बघा. तिच्यावर तीन काळी वर्तुळं दिसतील, म्हणजे पिनचे चार भाग: डावा कान, उजवा कान, अर्थिंग आणि माईक. डेस्कटॉपच्या हिरव्या भोकाला यातले तीनच भाग कळतात, कारण ते फक्त आवाज बाहेर काढायला आहे. माईकसाठी शेजारी वेगळं गुलाबी भोक आहे. चार भागांची पिन दोन पिनांत वाटणारा छोटा वाय आकाराचा जोड मोबाईलच्या दुकानात मिळतो. एक पिन हिरव्यात, एक गुलाबीत, काम झालं. नाहीतर सरळ यूएसबीचा हेडसेट घ्या. त्यात आवाजाची चिप स्वतःची असते, भोकांची भानगडच नाही. पहिल्यांदा घेणाऱ्याला मी यूएसबीचाच सांगेन.

दुसरी नेहमीची फसगत मॉनिटरची. मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडला की विंडोज पुष्कळदा त्यालाच स्पीकर समजतं आणि आवाज तिकडे पाठवतं. मॉनिटरला स्पीकर नसेल तर सगळं शांत. खाली उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाज कुठे जायचा ते निवडा, आणि हीच निवड व्हीसीच्या सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्येही तपासा. दोन्हीकडची निवड वेगवेगळी असू शकते.

माईक तोंडापासून वीतभर असावा. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज सहा डेसिबलने उतरतो. खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. म्हणून हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस विहिरीतून बोलल्यासारखा ऐकू येतो. फरशी, गिलावा, पत्रा, सगळे आवाज परतवतात. कापड आणि भरलेली पोती तो पितात. एखाद्या शेतकरी कंपनीच्या गोदामात टेबल मांडायचं असेल तर हळदीच्या थप्पीला लागून मांडा. मुंबईतल्या काचेच्या केबिनपेक्षा तुमचा आवाज चांगला जाईल. पत्र्यावर पावसाची सर आली तर मात्र तुम्हीही म्यूट आणि बैठकही म्यूट.

हळदीवरून आठवलं. जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन मिळालेली हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतची हळद कॅमेऱ्यासमोर धरून व्यापाऱ्याला दाखवायचा मोह होतो. दाखवा, पण दोन गोष्टी होतील. स्वस्त वेबकॅमचा फोकस पक्का बसवलेला असतो, हातभर अंतरावर; हळकुंड भिंगाजवळ नेलं की ते धूसर होतं. आणि कॅमेरा रंगांचा तोल आपोआप सावरतो, त्यामुळे पडदाभर पिवळं दिसलं की तो ते फिकट करू बघतो. गर्द पिवळी हळद पलीकडे भुरकट दिसते आणि भाव पडतो तो वेगळाच. नमुना पांढऱ्या कागदावर ठेवून हातभर लांबून दाखवा, उन्हात काढलेला फोटो वेगळा पाठवा आणि कुरकुमिनचा, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या घटकाचा, तपासणी अहवाल स्क्रीन शेअर करा. स्क्रीनवरचं स्थिर पान कोडेकला फार हलकं जातं. झूममध्ये नुसत्या स्क्रीनला ५० ते ७५ केबीपीएस पुरतात.

कॅमेरा नसेल तर फोनचा कॅमेरा वेबकॅम म्हणून वापरता येतो. ड्रॉइडकॅमसारखं ॲप फोनवर आणि त्याचा जोडीदार संगणकावर टाकावा लागतो. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर हवा. मॉनिटरखाली जुन्या फायलींचा गठ्ठा ठेवा. आणि पाठीमागे उघडं दार नको. दुपारच्या उन्हापुढे माणूस नुसती काळी सावली दिसतो.

सॉफ्टवेअर

इथे फार घोळ घालण्यासारखं काही नाही. समोरचा जे वापरतो ते तुम्ही वापरायचं. बैठक तुम्हीच बोलावणार असाल तर फुकटच्या मर्यादा आधी बघा. झूमच्या फुकट खात्यावर १०० जण आणि ४० मिनिटं. दोघंच असलात तरी ४० मिनिटंच. गूगल मीटवर १०० जण, तिघं किंवा जास्त असतील तर ६० मिनिटं, दोघांना अशी घाई नाही. मायक्रोसॉफ्ट टीम्सच्या फुकट गटबैठकीलाही ६० मिनिटं. जित्सी मीट मुक्त स्रोत आहे आणि ब्राउझरमध्ये चालतं; त्याच्या सार्वजनिक सर्व्हरवर बैठक सुरू करणाऱ्याला २०२३ पासून लॉगिन करावं लागतं. स्काईप ५ मे २०२५ ला कायमचं बंद झालं, जुन्या संगणकावर त्याचं चिन्ह असेल तर काढून टाका.

मीटला काही बसवावं लागत नाही, क्रोम किंवा एज पुरतं. झूम आणि टीम्सही ब्राउझरमधून उघडता येतात, पण रोजचं काम असेल तर बसवून घेतलेलं सॉफ्टवेअर बरं. फक्त ते कंपनीच्या स्वतःच्या साईटवरून उतरवा. व्हॉट्सॲपवर आलेल्या "झूम अपडेट"च्या फाईलला हात लावू नका. संगणक विंडोज ७ चा असेल तर नवं क्रोम त्यावर बसतच नाही, २०२३ पासून. आणि विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

पहिल्यांदा उघडताना ब्राउझर कॅमेरा आणि माईकची परवानगी मागतो. घाईत "ब्लॉक" दाबलं जातं आणि मग तो परत विचारत नाही. पत्त्याच्या डावीकडे छोटं चिन्ह असतं, तिथे ती परवानगी पुन्हा देता येते. तरीही चालत नसेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली कॅमेरा आणि मायक्रोफोन अशी दोन वेगळी कुलुपं आहेत, ती बघा. आणि कॅमेरा बहुतेक वेळा एका वेळी एकच सॉफ्टवेअर धरू शकतं. मागे मीटचा टॅब उघडा राहिला असेल तर झूमला काळा चौकोन मिळतो.

आत गेल्यावर नाव लिहा. "रेडमी नोट" किंवा "यूजर २" या नावाने कुणी आत घेत नाही. देवनागरीत लिहिलं तरी चालतं. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासमोर व्हीसीवर हजर होणारे वकील नावापुढे प्रकरणाचा क्रमांकही टाकतात. बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या बैठकीत गावाचं नाव टाकलं तर तेही उपयोगी पडतं.

स्वतःचाच आवाज परत ऐकू आला तर

यावर जरा थांबू, कारण दोष भलत्याच्या माथी मारला जातो. तुमचं वाक्य अर्ध्या सेकंदाने तुम्हालाच परत ऐकू येतंय, तर बिघाड बहुतेक वेळा समोरच्याकडे आहे. तुमचा आवाज त्याच्या स्पीकरमधून बाहेर आला, त्याच्याच माईकमध्ये शिरला आणि परत तुमच्याकडे आला. तुम्ही तुमची सेटिंग कितीही फिरवा, काही होणार नाही. आणि त्या माणसाला स्वतःला काहीच ऐकू येत नाही, म्हणून तो निवांत असतो.

खरं तर सॉफ्टवेअरमध्ये याचा इलाज असतो. स्पीकरला आपण कोणता आवाज दिला हे त्याला माहीत असतं. माईकमधून तोच आवाज आला की ते तो वजा करून टाकतं. ही वजाबाकी फसते ती एकाच खोलीत दोन यंत्रं जोडली की. ग्रामपंचायतीत डेस्कटॉपवर ग्रामसेवक आणि शेजारी मोबाईलवर सरपंच, दोघंही त्याच बैठकीत. मोबाईलच्या स्पीकरमधून निघालेला आवाज डेस्कटॉपचा माईक पकडतो, पण तो वजा कसा करायचा हे डेस्कटॉपला कळत नाही, कारण तो आवाज त्याने काढलेलाच नाही. मग ती कर्णकर्कश शिट्टी. एका खोलीत एकच माईक आणि एकच स्पीकर चालू ठेवायचा. बाकीच्यांनी आत येताना ऑडिओ जोडायचाच नाही. नुसतं म्यूट करून भागत नाही, कारण त्यांचा स्पीकर चालू राहतो. दोषी कोण ते शोधायचं असेल तर होस्टने, म्हणजे बैठक बोलावणाऱ्याने, एकेकाला म्यूट करत जावं. घुमणं थांबलं की माणूस सापडला.

गोंगाट काढणारी सोय ही याहून वेगळी. कूलर किंवा पंख्याचा एकसुरी आवाज ती सहज गाळते. कुकरची शिट्टी, दारातल्या ट्रॅक्टरचा हॉर्न किंवा शेजारच्या खोलीतलं बोलणं तिला तितकं जमत नाही. आणि भजनी मंडळाने टाळ, पखवाज, पेटी घेऊन व्हीसी लावली की ती टाळांनाच गोंगाट समजून खाऊन टाकते. मग पलीकडचे फोन करतात, "बुवा दिसतात, टाळ ऐकू येत नाहीत." झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये "ओरिजिनल साऊंड फॉर म्युझिशियन्स" असा पर्याय आहे, तो चालू करा. मात्र एक जण अंबाजोगाईत, दुसरा पुण्यात, दोघांनी एका ठेक्यात म्हणायचं, हे होणार नाही. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दहा मीटरवर उभ्या असलेल्या टाळकऱ्याचा टाळ तुमच्यापर्यंत यायला २९ मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्यातच ठेका सांभाळणं अवघड व्हायला लागतं. व्हीसीत चांगल्या नेटवरही याच्या कितीतरी पट उशीर असतो. एका ठिकाणी गा, बाकीच्यांनी म्यूट राहून साथ द्यावी.

म्यूटचे शॉर्टकट पाठ असलेले बरे. विंडोजवर झूममध्ये आल्ट आणि ए, मीटमध्ये कंट्रोल आणि डी, टीम्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एम. झूममध्ये म्यूट असताना स्पेसबार दाबून धरला तर तेवढ्यापुरता माईक उघडतो. "हो सर" म्हणायला फार सोयीचं. स्क्रीन शेअर करताना अख्खी स्क्रीन न देता हवी तीच खिडकी द्या, नाहीतर मध्येच घरच्या ग्रुपवरचा मेसेज सगळ्यांना दिसतो. शेअरमध्ये व्हिडिओ चालवायचा असेल तर संगणकाचा आवाज शेअर करण्याची खूण वेगळी करावी लागते. ती राहिली की सगळे मूकपट बघत बसतात.

दार कुणाला उघडायचं

लॉकडाऊनआधी, डिसेंबर २०१९ मध्ये झूमच्या बैठकांत रोज जास्तीत जास्त सुमारे एक कोटी सहभागी असत. एप्रिल २०२० मध्ये हा आकडा ३० कोटींवर गेला. त्याच काळात अनोळखी लोक बैठकांत घुसून धिंगाणा घालायला लागले. केंद्रीय गृह मंत्रालयाने १६ एप्रिल २०२० ला झूमबद्दल सूचना काढल्या आणि सरकारी कामासाठी ते वापरू नये असं सांगितलं. झूमनेही त्याच महिन्यात वेटिंग रूम आणि पासवर्ड आपोआप चालू राहतील असं केलं. या दोन्ही सोयी बंद करू नका. बैठकीची लिंक पाचशे जणांच्या ग्रुपवर टाकायची असेल तर वेटिंग रूममध्ये नावं बघून आत घ्यायला एक माणूस वेगळा बसवा. स्क्रीन शेअरचा अधिकार होस्टकडेच ठेवा. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या शेतकरी-शास्त्रज्ञ संवादासारख्या मोठ्या कार्यक्रमांत शेकडो जण असतात. तिथे सगळ्यांचे माईक उघडे राहिले तर बोंडअळीवरचा सल्ला कुणाच्याच कानावर पडणार नाही.

बैठकीत कुणी तुमच्या संगणकाचा ताबा मागितला, म्हणजे "रिमोट कंट्रोल"ची खिडकी आली, तर ओळखीच्या माणसाशिवाय होकार देऊ नका. बँकेचं पान उघडं असताना स्क्रीन शेअर करणंही टाळा; ओटीपी तिथेच दिसतो.

आणि व्हिडिओ कॉलवर कुणी खाकी घालून, मागे पोलीस ठाण्याचा फलक लावून म्हणालं की तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अंमली पदार्थ सापडलेत, कॅमेरा बंद करायचा नाही, घरच्यांना सांगायचं नाही, "तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात", तर कॉल कापा. अशी अटक आपल्या कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर पैसे मागत नाहीत. पैसे गेलेच असतील तर त्याच मिनिटाला १९३० या क्रमांकावर फोन करा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. रक्कम चोरट्यांच्या पुढच्या खात्यात जाण्याआधी तक्रार पोहोचली तरच बँकेला ती रोखून धरता येते.